घर बोलू दे

रोदोपीच्या डोंगरातल्या त्या गावात कुणी वारलं की पाद्र्याच्या आधी मेतोदी दारात हजर व्हायचा. तो तारेवरच्या रेडिओचा माणूस. तेव्हा घराघरांत भिंतीवर एक कर्णा असे, गावच्या केंद्राला तारेने जोडलेला. मेतोदी टोपी काढून आत जायचा, कर्ण्याचं बटण बंद करायचा आणि निमूट निघून यायचा. मग चाळिसाव्या दिवशी, म्हणजे चाळिसाव्याला, मृताच्या नावाने उकडलेल्या गव्हाचा घास खाल्ला की तोच उठून बटण फिरवायचा आणि म्हणायचा, “घर बोलू दे.” तोवर घरच्यांनी आवाजाला हात लावायचा नाही, आणि तो सुरूही बाहेरच्यानेच करायचा, असा रिवाज.

पुढे तारा गेल्या, कर्णे गेले, रिवाज राहिला. मेतोदी कॉम्प्युटरकडे वळला, तोही लिनक्सच्याच. दुसऱ्याने कुलूप घातलेलं यंत्र मला नको, म्हणायचा. गावात कुणाच्या मशीनची वाचा बसली की फोन त्यालाच. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “म्यूट नाही ना केलंय? आधी ते बघ, मग माझं डोकं खा.” माणूस असा तिरसट. मऊ पडायचा तो फक्त बायकोपुढे, नेदेल्यापुढे. ती गायची, आणि तिची गाणी त्याने कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती.

हिवाळा सरता सरता नेदेल्या गेली. चाळिसाव्याला तिचंच गाणं लावायचं मेतोदीने ठरवलं. त्या दिवशी सकाळी नीट वाजतंय ना बघावं, म्हणून तो रिवाज विसरून कॉम्प्युटरपुढे बसला. पडद्यावर गाणं पुढे सरकत होतं, पण आवाजाचा पत्ता नव्हता.

मधे ई-मेल बघताना सिस्टिम अपडेट झाली होती. तिथेच घोडं अडलंय, असं त्याच्या डोक्याने घेतलं. साउंड कार्ड यादीत दिसत होतं. त्याने ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला, सिस्टिमचा जुना कर्नल लावून पाहिला. शेवटी कॉम्प्युटरचा डबा उघडला, कार्ड उपसून पुसलं, परत बसवलं, स्पीकरची वायर बदलली. काही उपयोग नाही. खरी धास्ती कार्डाची नव्हतीच. नेदेल्याचा चेहरा त्याला आठवत होता, तिची चाल आठवत होती, आवाज मात्र आठवेनासा झाला होता.

तेवढ्यात शेजारचा रांगेल रकिया दारूची बाटली घेऊन आत आला. मेतोदीपेक्षा वयाने मोठा, तरणा मुलगा खाणीत गमावलेला माणूस.

“अरे, आजच्या दिवशी स्क्रू पसरून काय बसलास? बायका गहू घेऊन खोळंबल्यात.”

“कार्ड बोलत नाहीये, रांगेलदादा.”

“मग गाणं माझ्या नातीच्या फोनवर टाक. अंगणात वाजवू.”

“फोनवर? ती या घरात गायची. मी या घरातच ऐकणार!”

“ओरडू नकोस. आवाज तूच तर बंद केलायस.”

“मी?”

“ती गेली त्या सकाळी. मी इथेच दारात होतो. तू टोपी काढलीस, खुर्चीवर बसलास, काहीतरी दाबलंस आणि बाहेर गेलास. आपल्याच घरात टोपी काढलीस रे, म्हणून माझ्या ध्यानात राहिलं.”

मेतोदीला यातलं काहीच आठवत नव्हतं. त्याने कार्डाच्या आवाजाच्या पट्ट्या उघडल्या. पट्टी वरपर्यंत भरलेली, आणि तिच्या तळाशी म्यूटची खूण. काखेत कळसा नि गावाला वळसा! जगाला विचारायचा तो पहिला प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता.

त्याचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थबकलं.

“मी दाबलेलं नाही चालायचं,” तो पुटपुटला. “मी घरचा.”

“आधी गहू खा,” रांगेल म्हणाला. त्याने अंगणातून वाडगा आणला. दोघांनी उभ्यानेच एकेक घास खाल्ला.

“आता दाखव, कुठलं बटण?”

मेतोदीने दाखवलं. रांगेलने टोपी काढली. त्याच्या मुलाच्या चाळिसाव्याला मेतोदीच त्याच्या दारी आला होता. रांगेलने आपल्या जाड बोटाने ते एवढंसं बटण सावकाश दाबलं.

“घर बोलू दे,” तो म्हणाला.

मेतोदीने गाणं पहिल्यापासून लावलं. आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग नेदेल्या म्हणाली, “लागला का तुझा तो रेकॉर्डिंगचा लाल दिवा? मेतोदी, सुरू करू?”

“कर गं,” मेतोदी म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडला.