भावोजींचा टॉवर

भाची फोनवर एवढंच म्हणाली, "मामा, बाबा गेले." मी पेडण्याहून मिळेल त्या बसने नार्व्याला निघालो. वाटभर मनात एकच घोळत होतं, ताई आता त्या घरात एकटी. खरं तर ती अर्धा संसार एकटीच होती. भावोजी मुरगाव बंदरात वायरलेसवर नोकरीला, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. आल्याबरोबर माणसं मुलांना जवळ घेतात, हे आधी घरच्या हॅम रेडिओला हात लावायचे. दिवसभर बोटींशी बोलून या माणसाचं पोट कसं भरत नाही, असं मी त्यांना चिडवायचो. ते हसायचे आणि कानाला हेडफोन लावून कुठल्यातरी दूरच्या अनोळखी माणसाला आपल्या अंगणातलं हवामान सांगायचे.

गोवा घटकराज्य झालं त्या सुमाराला त्यांनी परसात रेडिओसाठी टॉवर उभा केला. सुर्ल्याच्या वेल्डरकडून करून घेतलेला, माडांच्याही वर जाणारा. गावात तेव्हा मराठी-कोकणीवरून घरोघर वाद पेटलेले. भावोजींचा टॉवर नक्की कोणाच्या बाजूचा, असंही कोणीतरी विचारून गेलं! ते वर बोट दाखवून म्हणाले, "वयर सगळे इंग्लीशच उलयतात रे बाबा." पण दसऱ्याच्या आगेमागे शेजारच्या माडावर वीज पडली. माडाचा शेंडा जळताना ताईने पाहिला आणि तिचा धीरच सुटला. शनिवारी भावोजी उंबऱ्यात असतानाच ती म्हणाली, "तुमी थंय बंदरार, हांव हांगा भुरग्यांक घेवन टॉवरासकयल. एक तर हो देंवयात, ना तर हांव कुळारा वतां." मी तिथेच होतो. कुळार म्हणजे तिचं माहेर, आमचंच घर; टॉवर उतरला नाही तर तिला घेऊन मलाच निघावं लागणार होतं.

भावोजी चिडले नाहीत. वीज यायचीच, तिला जमिनीत उतरायला चांगली वाट करून द्यायची, एवढंच आपल्या हातात, असं त्यांनी तिला समजावलं. पण आमची जमीन जांभ्या दगडाची, कोरडी ठणठणीत, आणि विजेला हवी ओल. अंगणात बारमाही ओल एकाच ठिकाणी होती, तुळशीपाशी. ताई रोज तिथे पाणी घालायची. भावोजींनी वृंदावनाला लागून खड्डा खणला, टॉवरपासून आणलेली तांब्याची पट्टी पुरली आणि बंदरातल्या रिवाजाप्रमाणे ओल टिकावी म्हणून वर कोळसा आणि भरपूर मीठ घातलं. इतक्या हुशार माणसाला मीठ कुठे झिरपेल हे सुचू नये... तुळशीचं लग्न तोंडावर आलं आणि तुळस वाळली.

सवाष्णीच्या दारची तुळस त्याच वेळी वाळावी, याचा अर्थ आमच्याकडे कोणाला सांगावा लागत नाही. ताई ओरडली नाही. "तुळशीच्या मुळांत मीठ?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. विजेलाही न भ्यालेला तो माणूस तेव्हा पार गळून गेला. त्याने रजा टाकली, खारट माती पाट्या भरभरून उपसून लांब नेली आणि वृंदावनात नवी माती घातली. शेजारणीने डब्यात लावलेलं रोप दिलं, त्याचंच लग्न लागलं. अंतरपाट धरायला भावोजी स्वतः उभे राहिले. पट्टी मग न्हाणीमागे गेली, अंघोळीचं पाणी मुरायचं तिथे. वळणावर वीज बाहेर उडी मारते म्हणून टॉवरपासून तिथवर त्यांनी पट्टीला कुठेही कोन येऊ दिला नाही आणि घराची अर्थिंगही तिलाच जोडली. दोन वेगळ्या ठेवल्या तर वीज एकीकडून दुसरीकडे जाताना घरातूनच जाते, हे त्यांनी ताईला शेजारी बसवून सांगितलं. त्यानंतर बंदरावर जाण्याआधी रेडिओची तार काढून खिडकीबाहेर ठेवायची सवय त्यांनी कधी मोडली नाही.

पुढच्या वैशाखात टॉवरवर वीज पडली. ताई आणि मुलं घरात होती. आवाजाने कौलं हादरली, एक बल्ब फुटला, बाकी काही नाही. शनिवारी भावोजींनी घाबरत विचारलं, तेव्हा ती ताटात भात वाढत म्हणाली, "आयली आनी न्हाणयेफाटल्यान गेली." नंतर ती हा प्रसंग पाहुण्यांना सांगायची, जणू वीज तिला विचारूनच गेली होती.

तेराव्यानंतर मीच विषय काढला. रेडिओ आता कोणी लावणार नाही, न्हाणीही जाऊन टाइल्सची बाथरूम आली, पाणी नळीतून परस्पर जातं, पट्टीपाशी ओल राहत नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत टॉवर उतरवून घेऊ, तू एकटी असतेस, असं मी म्हटलं. ताई उठली. कळशी भरून ती घरामागे गेली आणि पट्टी पुरलेल्या जागी हळूहळू ओतू लागली. रोज ओततेस का, म्हणून विचारलं, तर तिने मान डोलावली.

"आनी टॉवर?"

"रावूं दी रे," ती म्हणाली. "तो आसा म्हणून म्हाका एकलेक न्हीद पडटा."