खोकल्यावरचा समुद्रघोडा

लेकीला खोकला होता, म्हणून समुद्रघोडा आमच्या घरी आला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आम्ही सगळेच, आणि सगळ्यांत जास्त मी, तो पाळायलाच आणला होता अशा थाटात वागू लागलो.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. आम्ही जे. पी. नगरमध्ये राहत होतो. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली. सासरचे लोक कित्येक पिढ्या बंगळूरचेच. सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. लेक आठ वर्षांची होती आणि पाच महिने खोकत होती. एका डॉक्टरांनी समोरच्या मोकळ्या जागेतल्या काँग्रेस गवताला दोष दिला, दुसऱ्यांनी भिंतीतल्या ओलीला, तिसऱ्यांनी माझ्या काळजीखोर स्वभावाला. त्या तिसऱ्यांना मी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अक्कांनी कुठेतरी ऐकलं होतं की वाळवलेल्या समुद्रघोड्याची पूड मधातून चाटवली की मुलांचा जुनाट खोकला जातो. माझा नवरा बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात होता आणि त्याच्या खात्यातला एकजण रामेश्वरमकडचा होता. त्याला वाळलेला आणायला सांगितलं. त्याने सुट्टीवरून येताना जिवंतच आणला, समुद्राच्या पाण्याच्या दोन कॅनसकट. आधी मुलगी खेळेल, मग औषध होईल, असं तो अगदी मायेने म्हणाला.

बोटाएवढा जीव. काचेच्या पेटीत लेकीने एक प्लॅस्टिकची काडी उभी केली, तर तिला शेपटीचा वेढा घालून तो दिवसभर उभा राहायचा. तो जिवंत खाणंच खायचा. मग लेक गच्चीवरच्या पिंपातून चहाच्या गाळणीने डासांच्या अळ्या आणू लागली. शाळेतून आली की पेटीला नाक लावून बसायची आणि तेवढा वेळ खोकायची नाही. आवाजाने तो दचकतो म्हणे. तोंडावर हात दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला आत धरायची.

ते पाहून मी अक्कांना स्पष्ट सांगितलं की ह्याला औषध म्हणायचं नाही आणि ह्याला कोणी हात लावायचा नाही. अक्का म्हणाल्या, "सरी, बरं. मी काही बोलत नाही." खरंच पुन्हा बोलल्या नाहीत. मी विज्ञानाची पदवीधर, चांगले दोन महिने जिंकल्याच्या तोऱ्यात वावरले.

तिसऱ्या महिन्यात त्याने खाणं सोडलं. डोळे गढुळले, पोट फुगलं, शेपटी काडीवरून सुटली आणि तो पाण्यावर आडवा तरंगू लागला. पाणी बदललं, पेटी सावलीत ठेवली, उजेडात ठेवली. मासेवाल्याने हात वर केले. बरणीत घालून नेला, तर जनावरांच्या डॉक्टरांनी ती खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, मी गाई-म्हशींचा माणूस. त्याच आठवड्यात लेकीचा खोकला इतका वाढला की एका दुपारी खोकता खोकता तिचे ओठ निळे पडले. दोन दिवस इस्पितळात काढून आम्ही घरी आलो. घरात दोन आजारी जीव होते आणि दोघांनाही काय झालंय ते कुणालाच कळत नव्हतं.

रविवारी सकाळी, लेक उठायच्या आत, तो गेला. जास्वंदीखाली पुरायचा म्हणून मी त्याला तळहातावर घेतलं. तेवढ्यात आतून तिचा खोकला सुरू झाला. तो थांबेना. मी अंगणात गेले नाही. गच्चीवर गेले, त्याला ताटलीत उन्हात ठेवलं आणि कावळ्यांनी नेऊ नये म्हणून वर चाळण पालथी घातली. मला हे कोणी करायला सांगितलं नव्हतं.

लेकीला सांगितलं की रामेश्वरमच्या काकांनी त्याला समुद्रात परत नेलं.

चार दिवसांनी अक्कांनी खल काढून दिला. "तू नको कुटू, मी कुटते," म्हणाल्या. मी ऐकलं नाही. निदान तेवढं तरी माझ्या हाताने व्हावं असं वाटलं. तीन सकाळी मी तिला मध चाटवला आणि महिन्याभरात घरातला खोकला थांबला. मी त्याचं श्रेय पावसाळा संपण्याला दिलं, अक्कांनी कशालाच दिलं नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. परवा नातवाला खोकला झाला, लेक मधाची बाटली शोधत होती, आणि माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं, आई," ती म्हणाली. "मी गच्चीवर चाळण उचलून पाहिली होती."

"मग चाटलंस कशाला?"

"तुझा हात कापत होता."

मी म्हटलं, निदान गुण तरी आला. तिने बाटलीचं झाकण लावलं.

"खोकला कुठे गेला होता? शाळेत खोकायचे. घरी दाबून धरायचे. नाहीतर तुम्ही दुसरा आणला असता."