क्लच नसलेली गाडी

समोरची कुसुम माझ्याच वयाची. तिने सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली आहे. आमच्या चढावर ती ब्रेकवरून पाय काढते आणि गाडी मागे न घरंगळता अलगद पुढे सरकते. खिडकीतून बघताना माझा जळफळाट होतो. जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स कधीही दगा देतो म्हणतात. हिच्या गिअरबॉक्सनेही द्यावा, असं मला रोज वाटतं. याच चढावर माझ्या हातून जीप मागे गेली, तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "बायकांना क्लच जमत नाही." मग मी जन्मभर शेजारच्या सीटवर बसले. हिला तर डावा पाय लागतच नाही!

काल तिने काच खाली केली. "येतेस का गं बाजारात?"

"बाजार राहू दे. गाडी मैदानात घे आणि तू पलीकडे सरक."