लाल बटणाची वायर

नरोलीच्या दोरखंडाच्या कारखान्यात नवनाथला सगळे पॅनलवाला म्हणत. माणूस शिरपूरकडचा, पण त्याचे कान देवाने त्या पॅनलसाठीच घडवले असावेत. दोर वळणारं मशीन चालवणाऱ्या त्या कपाटाएवढ्या पॅनलमध्ये शंभरेक रिले, म्हणजे विजेने आपोआप उघडमीट होणारे स्विच, टकटकत असत आणि त्यांतला कोणता रुसलाय, हे नवनाथ दारातूनच सांगे. म्हणून चौऱ्याण्णव साली शेठने ते कपाट काढून त्या जागी डब्याएवढा पीएलसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारा छोटा संगणक, आणला, तेव्हा नवनाथने सवयीने दारातून कान लावून पाहिला. हा मेला डबा तर आवाजच करत नव्हता!

शेठ तोंडावर बोलणारा. "गुरुवारी मशीन चालू पाहिजे, नवनाथ. नहीं तो कंपनीचा माणूस ठेवीन. पछी तारू शुं काम?"

खरंच, मग त्याचं काय काम? बायको सरिता त्याच मशीनवर तुटलेले धागे जोडायची, मुलगा पप्पू नुकता शाळेत जायला लागला होता. नोकरी गेली की नरोलीची खोलीही गेली, हे त्याला कोणी वेगळं सांगायला नको होतं.

तो सिल्वासाच्या तंत्रशाळेत दत्तात्रय सरांकडे गेला. सर कोकणातले, जीभ तिखट. पण त्यांनी ना ओळख विचारली ना फी. शाळा सुटल्यावर सरावाचा पीएलसी मांडला, त्याला सुरू करायला एक हिरवं बटण जोडलं, थांबवायला एक लाल, आणि मशीनच्या जागी एक दिवा. "तुझं जुनं पॅनलच यात चित्र काढून भरायचं आहे," सर म्हणाले. "भूत दिसल्यासारखा बघू नकोस त्याच्याकडे." घरून पत्नी मंगलाबाईंनी पाठवलेल्या घावनांतले निम्मे ते नवनाथच्या पुढ्यात सारत. असा गुरू नशिबानेच मिळतो.

बुधवारी नवनाथने कारखान्यात प्रोग्राम भरला, हिरवं बटण दाबलं आणि मशीन ढिम्म. चूक अगदी पॅनलवाल्याचीच होती. लाल बटणातून वीज कायम वाहते आणि दाबलं की तुटते. जुन्या नकाशात ते जसं काढत, तसंच त्याने प्रोग्राममध्ये काढलं. डब्याने त्याचा अर्थ घेतला, 'इथून वीज आली की थांब.' वीज तर येतच होती, मग तो बापडा थांबूनच राहिला.

नवनाथने डोकं लढवलं. लाल बटणच बदलून टाकलं. दाबल्यावरच वीज येईल असं बसवलं. मशीन सुरू झालं, दाबल्यावर थांबलंही! शेठ खूश. नवनाथ पेढे घेऊन संध्याकाळी थेट शाळेत.

सरांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. सरावाचं लाल बटण त्यांनी नवनाथच्या पद्धतीने जोडलं, दिवा लावला आणि बटणाची वायर उपटली.

"दाब आता."

नवनाथने दाबलं. पुन्हा दाबलं. दिवा जळतच राहिला.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला! चूक चित्रात होती, तू बटण बदललंस. त्या मशीनवर कोण असतं?"

"आमची सरिता, सर," नवनाथ म्हणाला.

गुरुवारी सकाळी शेठच्या शिव्या खात त्याने चालू मशीन बंद केलं, जुनं बटण परत बसवलं आणि प्रोग्राममधलं चित्र उलटवलं, 'वीज तुटली की थांब.' दुपारपर्यंत मशीन फिरू लागलं. नोकरी टिकली.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास ते मशीन भर कामात आपोआप थांबलं. सुपरवायझर ओरडू लागला. नवनाथने झाकण काढून पाहिलं, तर लाल बटणाची वायर उंदराने कुरतडून तोडली होती. वायर तुटली, वीज तुटली, म्हणून डबा थांबला. चुकीच्या बटणावर मशीन तसंच फिरत राहिलं असतं, कोणाला पत्ता लागला नसता. आणि एखाद्या दिवशी पदर मशीनमध्ये ओढला गेल्यावर सरिताने तेच बटण दाबलं असतं, पुन्हा पुन्हा दाबलं असतं. पुढचं त्याच्याने मनात आणवेना.

"काय व्हयनं?" सरिताने धागा सोडवत आपल्या अहिराणीत विचारलं.

"काही नही व्हयनं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

सुटी होताच तो सिल्वासाला सरांच्या घरी गेला. सरांनी दार उघडलं. "काय रे, काय बिघडलं?"

"काही नाही, सर."

"मग आलास कशाला?"

नवनाथने वाकून त्यांचे पाय धरले. "तेच सांगायला आलो."