कुंडमच्या फेसाळ वाइनसाठी बर्फ

प्रवासवर्णन लिहायला माणूस निदान दूर तरी गेलेला असावा. मी जबलपूरहून बसने कुंडमला गेलो आणि संध्याकाळी परत आलो. पण आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, म्हणून वार्षिकांकात लिहायचं धाडस करतो आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

लढाई चालू होती. बाबा कारखान्यात दुहेरी पाळी करत होते. एका सकाळी कुंडमच्या बसचा कंडक्टर अधारतालला आमच्या दारात आला. बाबांचे जुने सोबती राजाभाऊकाका तिकडे द्राक्षं लावतात. त्यांचा निरोप होता: "सगळ्या उलट्या झाल्या, बर्फ पाठवा."

"सगळ्यांना म्हणायचं असेल," आई म्हणाली. "कंडक्टरचं मराठी तसंच." तिने लिंबं, मीठ-साखर आणि चघळायला थर्मासभर बर्फ दिला.

बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "भैया, डॉक्टर हो?"

"केमिस्ट्री," मी म्हणालो. शेजारच्या आजींनी तेवढ्यावर गुडघा पुढे केला. साल (एक उंच जंगली झाड) दिसू लागेपर्यंत मी तो गंभीरपणे तपासत होतो.

काकू अंगणात धुणं वाळत घालत होत्या, अगदी ठणठणीत.

"काहून रे, कोण आजारी आहे?"

मी थर्मास दाखवला. काका हसले नाहीत. "बाटल्या रे. बाटल्या उलट्या झाल्या. अर्धी लादी पाहिजे होती."

मग त्यांनी तळघर दाखवलं. मागच्या महायुद्धात ते फौजेबरोबर इटलीत होते. तिथल्या एका शेतकऱ्याकडून ते ही वाइन करायला शिकले. घरच्या द्राक्षांची वाइन करायची, ती साखर आणि यीस्ट घालून बाटलीत भरायची, बूच तारेने आवळायचं. आत ती पुन्हा आंबते, वायू कोंडतो, तोच फेस. राहतो तो गाळ. म्हणून बाटल्या भोकांच्या फळीत तिरप्या खोचून रोज थोड्या फिरवत पूर्ण उलट्या करायच्या, म्हणजे गाळ बुचाशी येतो. बाटलीची मान बर्फ-मिठात गोठवून बूच काढलं की गोठलेला गाळ बुचाबरोबर बाहेर उडतो.

"थोडं थांबलं तर?" मी विचारलं.

"सुधाकर येईल तेव्हा तयार पाहिजे."

"त्याचं पत्र तर येऊ दे आधी," काकू म्हणाल्या. त्यांचा मुलगा आघाडीवर होता. लढाई लागल्यापासून एक ओळ नव्हती. काकांनी एक बाटली उचलली.

बर्फाशिवायही जमतं म्हणे. बाटली उलटी धरून वर आणता आणता बूच ओढायचं. काकांच्या हातून गाळ तेवढा उडाला. मी विज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे बाटली आधी सरळ केली, मग बूच ओढलं. गाळ परत तळाला, वाइन माझ्या शर्टावर.

"शिकून राहिला ना केमिस्ट्री?" काका म्हणाले. "पाज आता शर्टाला."

जेवायला कुटकीचा (भगरीसारखं बारीक धान्य) भात होता. काकांनी एक घोट चाखायला दिला: आंबट, कोरडा, नाकात मुंग्या आणणारा. मी जाणकारासारखी मान हलवली आणि मला ठसका लागला. थर्मासमधला बर्फ काकूंनी लिंबाच्या सरबतात घातला.

परतीच्या बसमध्ये त्याच आजी होत्या. शर्टाचा वास येताच त्या गुडघ्यासकट पुढच्या बाकावर गेल्या. घरी आईने शर्ट दोनदा धुतला.

शेवटी प्रवासाने काय शिकवलं ते लिहावं लागतं. मी दोन पानं लिहिलीही होती, ती फाडली. आज कंडक्टर निरोप घेऊन आला. सुधाकर पुण्याला इस्पितळात आहे. डावा हात गेला, बाकी शाबूत आहे. काका-काकू आजच्या गाडीने निघाले. बरोबर एक बाटली नेली आहे. ती काका उघडून देतील.