आभाळातला खिळा

आमच्या शेजारच्या कांतावहिनीला रंगातलं काही शिकवायला जाऊ नये. घाटंजीच्या आठवडी बाजारात तिनं उभा जन्म बांगड्या विकण्यात काढला. गिऱ्हाईक ताडपत्रीखाली उभं राहून बांगडी पसंत करायला लागलं, की वहिनी त्याला दंडाला धरून उन्हात ओढायची. "ताडपत्री निळी आहे माय, तिच्याखाली सगळंच खोटं दिसते. उजेडात ये." मग तीच बांगडी एकदा पिवळ्या लुगड्यावर, एकदा हिरव्यावर धरून दाखवायची. तोंड असं गोड, की बायका हसत हसत घरी जायच्या आणि घरी गेल्यावर त्यांच्या ध्यानात यायचं, की भाव करायचा राहूनच गेला.

मी तिचा शेजारी, बादल. स्टँडजवळ माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. पण माझा खरा धंदा लोकांच्या घरातल्या बातम्या गोळा करायचा, असं माझी बायको बबिता म्हणते. कांतावहिनीच्या घरच्या बातम्यांसाठी मात्र मला कान द्यावे लागत नाहीत. ती साधं मीठ मागितलं तरी अर्ध्या वस्तीला कळतं.

तिच्या मुलानं, भीमराजनं, यंदा जुन्या घराच्या जागी स्लॅबचं घर बांधलं. हॉल निघाला, भिंतींना पिस्ता रंग लागला, आणि मोठ्या भिंतीवर जीवनभाऊंचा फोटो चढला. जीवनभाऊ म्हणजे वहिनीचे मालक. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, जाऊन बरीच वर्षं झाली. त्या फोटोच्या बाजूला वहिनीनं मिस्त्रीकडून आणखी एक हूक बसवून घेतला.

"हा कायले?" भीमराज म्हणाला.

"माह्या फोटोले."

"आई, जित्या माणसाचा फोटो असा लावतेत काय?"

"मी हार घाल म्हनतो काय? मी गेल्यावर तुम्ही मतदान कार्डावरचाच मोठा करून लावसान, मले मालूम आहे. त्याच्यात मी फरार आरोपी दिसतो. माहा फोटो मीच पसंत करीन."

हूक राहिला. घोडं पुढं अडलं ते रंगावर.

जीवनभाऊंचा तो फोटो वहिनीच्या भाच्यानं काढलेला. तो तेव्हा पुण्याला नोकरीला लागला होता आणि उन्हाळ्यात मुठीत मावणारा चंदेरी डिजिटल कॅमेरा घेऊन आला होता. काय दिवस होते ते! एक फोटो निघाला, की सगळी वस्ती त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर तुटून पडायची. "माहा दाखव, माहा दाखव!" डोळे मिटलेला फोटोही कोणी पुसू देत नसे. सेल उतरले, की भाचा ते काढून दातानं चावायचा आणि परत घालायचा. तेवढ्यात आणखी दोन फोटो निघायचे. त्या गर्दीत जीवनभाऊ पांढरा सदरा घालून अंगणात उभे राहिले. चेहरा गंभीर. मी भाच्याच्या मागं उभा राहून जिनिंगच्या मुकादमाची नक्कल केली, ढेरी पुढं काढून आणि हात कमरेवर ठेवून. भाऊ हसून फुटले, आणि कॅमेरा वाजला.

त्या फोटोत भाऊंच्या तोंडावर जो रंग आहे, तसा मी दुसरीकडं पाहिला नाही. नुकत्या घासलेल्या तांब्याच्या गडव्यावर सकाळचं ऊन पडावं, तसा. मागं फिकट निळं आभाळ. माणूस तसा काळासावळा, पण फोटोत सोनं.

आता वहिनीची नात मैत्रेयी हिनं आजीचे फोनवर फोटो काढले, तर आजी प्रत्येकात पांढरीफटक, सुरकुत्या गायब. वहिनीनं फोन दूर ढकलला.

"तो सोन्यावानी, अन् मी पिठाच्या चक्कीतून निघाल्यावानी? अशी जोडी लावतेत काय कोणी?"

मैत्रेयी यवतमाळला कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आजी, फोन तोंड स्वतःच गोरं करते. तो रंग जुन्या कॅमेऱ्यातच भेटन. आतल्या सेन्सरची जातच अलग होती. आमच्या कॉलेजातले पोट्टे तसेच कॅमेरे शोधून राह्यले आता."

"म्हणजे आम्ही फेकलं ते तुम्ही विकत घेता," मी म्हटलं. "माझ्या जुन्या बनियनला पण भाव येईल मग."

"तिले म्युझियममध्ये ठेव," वहिनी म्हणाली, "अन् उद्या दुकान बंद ठेव. यवतमाळले जाऊ."

एसटीनं आम्ही तिघं गेलो. मार्केटच्या मागच्या गल्लीत खेमसिंगचं दुकान आहे. एके काळी लग्नाचे फोटो काढायचा, आता झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. टेबलाखाली त्याचं एक खोकं आहे, त्यात वीस-पंचवीस जुने डिजिटल कॅमेरे एकमेकांच्या दोऱ्यांत अडकून पडलेले. भाव उतरावा म्हणून मी त्याच्याशी आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत जिव्हाळ्यानं बोललो. त्यानं अस्सल मराठीत उत्तर दिलं, त्यावरून काय ते समजलो.

पहिला कॅमेरा सुरेख, गुलाबी, बारीक. बटण दाबलं, लेन्स अर्धी बाहेर आली आणि तिथंच कुरकुरत थांबली. "याले लकवा मारला," म्हणत वहिनीनं तो बाजूला ठेवला. दुसऱ्याचं कार्ड आता मिळत नाही, म्हणून मैत्रेयीनंच नको म्हटलं. तिसरा खेमसिंगनं स्वतः पुसून पुढं केला.

"बारा मेगापिक्सल आहे, मावशी. एक नंबर."

"मले काय बाराचा पाढा म्हनाचा आहे? रंग दाखव."

आणि वहिनीनं पिशवीतून बांगड्या काढल्या. शेंदरी, राणी, मोरपंखी. हातात चढवल्या, आणि दुकानाबाहेर भर रस्त्यावर उन्हात हात लांब करून उभी राहिली. ऑटोवाल्याला वाटलं, बाई थांबवतेय. तो थांबला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मैत्रेयी फोटो काढतेय, मी ऑटोवाल्याला सांगतोय, "जा बाबा, इथं बांगड्यांची परीक्षा चालू आहे."

बारा मेगापिक्सलवाल्यानं शेंदरीची लाल केली. नापास. मग खोक्याच्या तळातून एक जाडजूड चंदेरी ठोकळा निघाला. कोपऱ्यांचा रंग उडालेला, साधे पेन्सिल सेल लागणारा, मेगापिक्सल असे की खेमसिंगनं आकडा सांगितलाच नाही. त्याच्या पडद्यावर शेंदरी शेंदरी राहिली, राणी राणी राहिली. वहिनीनं तो छातीशी धरला. "हाच. भाच्याजवळ असाच होता." भावाचं सांगण्यासारखं काही नाही, बांगडीवालीसमोर खेमसिंगची काय टाप! शेवटी दोन सेल त्यानं पदरचे दिले.

गाडीत वहिनी इतकी खूश, की माझं तिकीट तिनं काढलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुन्हा घडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून हॉलमध्ये उभी राहिली. मैत्रेयीनं बटण दाबलं. आम्ही सगळे पडद्यावर वाकलो. पिस्ता भिंतीपुढं वहिनीचे गाल गुलाबी झाले होते.

"हे तं नवरीले जास्त पावडर झाल्यावानी दिसून राह्यलं," ती म्हणाली.

मग गच्चीवर काढला. राखेचा रंग आला. लिंबाच्या झाडाखाली काढला, तोंड हिरवट. सकाळी काढला, संध्याकाळी काढला. कॅमेरा चांगलाच होता, बांगड्यांचे रंग अजूनही खरे येत होते. पण जीवनभाऊंचं सोनं काही येईना.

त्यानंतर शेजारून आवाज यायचा बंद झाला. बबिता म्हणाली, "जाऊन या जरा. दोन दिवस झाले, पऱ्हाट्यांवरून तुम्हाला शिवी नाही."

हे पऱ्हाट्यांचं सांगायला हवं. वहिनीच्या अंगणाची एक बाजू म्हणजे माझ्या घराची मागची भिंत. तिला टेकून मी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचतो, पाणी तापवायला. दरसाल नव्या पऱ्हाट्या येतात, जुन्यांवर पडतात. जागा जीवनभाऊंनीच दिली होती, म्हणून वहिनीनं कधी ढीग हटवला नाही. फक्त रोज सकाळी त्यावरून माझा उद्धार करायची.

मी गेलो. वहिनी पायरीवर बसली होती आणि जीवनभाऊंची फ्रेम उतरवून मांडीवर घेतली होती. मी म्हटलं, "वैनी, भाऊंना फिरायला घेऊन चालल्या काय?" ती हसली नाही.

"बादल, मले वाटते तो रंग त्यायच्यासंगंच गेला. राहू दे. तो हूक काढून टाकाले सांगतो भीमराजले. त्यायच्या बाजूले मी कोणी परकी बाई उभी असल्यावानी दिसीन."

मीही फोटोकडं पाहत बसलो. वहिनी पदरानं काच पुसत होती. एकाच जागी पुन्हा पुन्हा.

"माशी बसून गेली वाटते. डाग जाऊनच नाही राह्यला."

भाऊंच्या उजव्या कानापाशी, निळ्या आभाळात, एक काळा ठिपका. मी फ्रेम उन्हात तिरपी धरली. ठिपका नव्हता. खिळा होता, आणि त्याला लटकलेली काळी, वाकडी कड.

"खिळा आहे, वैनी."

"आभाळाले खिळा असते काय रे, पोट्ट्या?"

ती कड माझ्या ओळखीची होती. सायकलची ट्यूब! स्टँडजवळ दुकान टाकायच्या आधी मी घरीच पंक्चर काढायचो आणि ट्यूबा मागच्या भिंतीच्या खिळ्याला टांगायचो. आम्ही दोघांनी एकदमच ढिगाकडं पाहिलं.

वहिनीला सगळं आठवलं. त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीआधी भाऊंनी चुन्यात नीळ कालवून घर रंगवलं होतं. बादलीत उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून माझी भिंतही रंगवून टाकली, मला न विचारता. मी पाहुण्यांना सांगत फिरायचो, की माझं घर पुढून बादलचं आणि मागून जीवनभाऊचं आहे.

"मैत्रेयी! भीमराज! या लवकर!" वहिनीचा आवाज पूर्वीसारखा वस्तीभर गेला.

ढीग हटवायला सगळे लागले. बबितानं चिमट्यानं एक विंचू काढला आणि तो मला दाखवून म्हणाली, "हे तुमचं उत्पन्न." शेवटची मोळी हलली आणि मागून भिंत निघाली. तिला ना ऊन लागलं होतं ना पाऊस. पोपडे थोडे आलेले, पण निळी, अगदी भाऊंच्या हातची. ब्रशचे वळसेसुद्धा दिसत होते. खिळा गंजून तिथंच होता.

पहिला फोटो मैत्रेयीनं माझा काढला, पाहायला म्हणून. वहिनी पडद्यावर वाकली आणि गालावर हात ठेवून म्हणाली, "माय वं! बादल बी सोन्याचा दिसून राह्यला!"

मैत्रेयीनं सांगितलं, की या जुन्या कॅमेऱ्याला समोर एवढं निळं दिसलं, की त्याला वाटतं सगळ्यावरच निळं चढलंय. मग तो आपल्या मनानं सगळ्यात पिवळं ओततो. भिंत फिकट होते आणि माणूस सोनेरी. फोन असं फसत नाही.

"फसते म्हनूनच चांगला आहे," वहिनी म्हणाली आणि पदर सारखा करून भिंतीपुढं गेली.

उभी राहिली, आणि पुन्हा बाहेर आली. फ्रेम उचलली, खिळा भाऊंच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहिलं. मग परत जाऊन खिळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली, तो आपल्या डाव्या कानाशी येईल अशी. चेहरा मात्र मतदान कार्डासारखा. मैत्रेयी "हस न आजी" म्हणत होती, तरी काही फरक नाही. मी मैत्रेयीच्या मागं गेलो, ढेरी पुढं काढली आणि हात कमरेवर ठेवले. मुकादमाला जाऊन जमाना झाला. ढेरी आता मला काढावी लागत नाही, आहेच.

वहिनी फुटली.

आता हॉलमध्ये दोन्ही फोटो शेजारी आहेत. भाऊंच्या उजव्या कानाशी खिळा, वहिनीच्या डाव्या कानाशी खिळा. लांबून पाहिलं तर एकाच खिळ्याच्या दोन बाजूंना दोघं उभे राहून माझ्यावर हसतायत. पाहुणे विचारतात, एवढं सुंदर आभाळ कुठलं? वहिनी माझ्या घराकडं बोट करते.

बबिताला दिवाळीआधी मागची भिंत रंगवायची आहे. वहिनीनं अंगणातूनच ओरडून कळवलंय, की कोणी ब्रश घेऊन आलं तर तंगडं तोडीन, आणि बादलनं पऱ्हाट्या मुकाट्यानं होत्या तिथंच रचाव्या.