झोपेतला धरत नाहीत

महामार्गावरच्या ढाब्यात शेजारच्या टेबलावर दोन मित्र मोबाइलवरचे नकाशे ताडून पाहत होते. देशातला प्रत्येक महामार्ग पालथा घालायचा त्यांना छंद; गाडीने पार केलेला रस्ता लाल, राहिलेला पांढरा.

"हुबळीच्या अलीकडचा तुकडा राहिलाय तुझा."

"गेलोय की. बायको चालवत होती, मी झोपलो होतो."

"झोपेतला धरत नाहीत, साहेब."

मला किळस आली. देश असा रंगवून संपवता येतो, त्यात माणूस कुठेच लागत नाही.

समोर रस्त्याच्या कडेला एक बाई शेळीची दोरी धरून पलीकडे जायला खोळंबली होती. या रस्त्याने तिचं घर अलीकडे ठेवलं, शेत पलीकडे. दोघे उठून गाडीत बसले. बाई जरा पुढे झाली, तोच त्यांची गाडी हॉर्न देत भरधाव निघाली. बाई शेळीसकट मागे कोलमडली.

हा तुकडा त्यांच्या नकाशात लाल होईल. दोघेही जागे होते.